घाणा भरला

"थांबा ताई, हा घाणा उतरू दे, पुढचा तुमचाच." दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात लालबागच्या चिवडा गल्लीत हे वाक्य थोड्याफार फरकाने दिवसभर कानावर पडतं. कढईत मक्याचे पोहे फुलत असतात, झाऱ्यावरून तेल निथळत असतं, आणि गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं असतं. इथे 'घाणा' म्हणजे काय, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर मिळतं, "एका टायमाला कढईत मावतं तेवढं." तेल गाळायच्या यंत्राचा त्यात उल्लेखही नसतो.

शाळेत मात्र घाणा भेटतो तो 'घाण्याचा बैल' या वाक्प्रचारात, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करण्यापुरता. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या कितीतरी माणसांनी प्रत्यक्ष घाणा कधी पाहिलेला नाही. तरी त्यांच्या तोंडी तो शब्द आहे. गिरगावात चकल्यांचा पहिला घाणा निघाला की त्यातल्या दोन देवापुढे जातात आणि तिसरी मोडून बघितली जाते. मोहन कमी की जास्त, हे तीच सांगते. दादरला गणपतीत उकडीच्या मोदकांचा घाणा उतरतो. तिथे तर तेलाचा थेंबही नाही, नुसती वाफ. इडलीचाही घाणा होतो. एकीने परवा सहज म्हटलं, "कपड्यांचा एक घाणा लावून आले." मशीनमधल्या कपड्यांचा! काही घरांत 'घाणा' न म्हणता 'घाण' म्हणतात, आणि भज्यांचा पहिला घाण आला हे ऐकून इंग्रजी शाळेतली नातवंडं नाक मुरडतात.

तेलाच्या घाण्यातून हा शब्द कढईत कसा आला, हे समजायला मूळ घाण्याची रचना बघावी लागते. कठीण लाकडाचं जाडजूड खोड जमिनीत पुरलेलं, त्याला वरून उखळासारखी खोल पोकळी. त्या पोकळीत तिरकी उभी राहते ती लाट. लाटेला आडव्या लाकडाचा जोड, त्या लाकडावर दगडांचं वजन, आणि टोकाला बैल. बैलाच्या डोळ्यांना झापडं, कारण त्याला गरगरू नये आणि आपण तिथल्या तिथेच फिरतोय हे कळू नये. बैल फिरला की लाट फिरते, बी चिरडते, तेल सुटतं आणि पेंड कडेला घट्ट बसत जाते. तीळ असतील तर तेल वेगळं व्हावं म्हणून मधे पाण्याचा हबका मारावा लागतो. तो किती आणि कधी मारायचा, हे तेल्याचं खरं कसब.

या यंत्राचं एक वैशिष्ट्य असं की त्याला अर्धवट काम चालत नाही. पोकळीत बी कमी पडलं तर लाटेला धरायला काही मिळत नाही, ती नुसती घसरते. जास्त झालं तर बी बाहेर उसळतं. म्हणून प्रत्येक घाण्याचं माप ठरलेलं. तेवढं बी घातलं की घाणा भरला, दीड-दोन तासांनी तेल निघालं की घाणा उतरला. शेतकरी आपले तीळ, आपली करडई घेऊन यायचा आणि दोन घाणे झाले, तीन घाणे झाले, असा हिशेब व्हायचा. यंत्राचं नाव मालाच्या मापाला लागलं ते इथे, तेल्याच्या अंगणात. पुढे माप कढईत गेलं, यंत्र मागे राहिलं. शेजारच्या गुजरातीतही तेच झालंय: 'घाणी' म्हणजे यंत्र आणि 'घाण' म्हणजे तळणाची एक खेप. भुलेश्वरला फाफड्याच्या दुकानासमोर कान दिला की कळतं. कन्नडमध्ये घाण्याला 'गाण' म्हणतात, आणि तिथल्या तेल्यांची जात 'गाणिग'.

लग्नातला घाणा या हिशेबात बसत नाही असं वाटतं. मुहूर्तमेढ झाली, की लग्नघरी आणि मुंजीच्या घरीही घाणा भरतात. दोन मुसळं एकत्र बांधायची, त्यांना आंब्याची पानं, हळकुंड, सुपारी लावायची, उखळात किंवा परातीत गहू नाहीतर हळकुंडं घालायची, आणि सवाष्णींनी मिळून ती मुसळं हळूहळू वरखाली करायची. सोबत घाण्याची गाणी. यात ना बैल, ना लाट, ना तेल. मग याला घाणा का म्हणायचं? मला वाटतं, हाही खेपेचाच घाणा आहे. कार्य घरात व्हायचं तेव्हा हळद घरी कुटायची, दळण घरी व्हायचं, आणि गावभरच्या पंगतीला पुरेल एवढं व्हायचं. त्या सगळ्या कामाची पहिली खेप मुहूर्त बघून, पाच जणींचे हात लागून व्हावी, हा त्यातला व्यवहार. पुढच्या खेपांना गाणी नव्हती. नुसता घाम होता.

आता दादरच्या मंगल कार्यालयांत हा विधी साताठ मिनिटांत उरकतो. भवानी शंकर रस्त्याच्या आसपासच्या हॉलमध्ये सकाळी सातला ताबा मिळतो आणि दुपारी चारला सोडावा लागतो. गुरुजींच्या यादीत 'घाणा' ही एक ओळ असते. रुखवताच्या दुकानात रंगवलेली, टिकल्या लावलेली वीतभर मुसळं जोडीने मिळतात. फोटोसाठी ती उत्तम, कुटायला निरुपयोगी. गाणी कुणालाच येत नसतील तर मोबाईलवर लावतात. यावर नाक मुरडण्यात मला काही अर्थ दिसत नाही. हळद पाकिटातून येते आणि जेवण केटररकडून; मुसळ तेवढं खरं कशाला हवं?

घाण्याचा तिसरा अर्थ मुंबईच्या भिंतींत आहे. सिमेंटच्या आधी बांधकाम चुन्यात व्हायचं, आणि चुना मळायलाही घाणीच लागायची. तिची रचना वेगळी: दगडी किंवा विटांचा गोल चर, त्यात उभं दगडी चाक, मधे खुंटा, बाहेर बैल. चुना आणि वाळू, कधी त्यात गूळ नाहीतर हिरड्याचं पाणी, असं घालून चाक तासन्‌तास फिरवायचं. घाणीतून निघालेला चुना कालवलेल्या चुन्यापेक्षा चिवट होतो. लोणावळ्याजवळच्या लोहगडावर अशी घाणी अजून दिसते. ट्रेकला गेलेली मुलं त्या दगडी चाकाशेजारी फोटो काढतात. मुंबईत घाणी उरल्या नाहीत, नाव उरलं आहे ते भट्ट्यांचं. शीवच्या पुढे हार्बर लाइनवर चुनाभट्टी स्टेशन आहे. गिरगावच्या एकोणिसाव्या शतकातल्या चाळी चुन्यातच बांधलेल्या. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली केशवजी नाईकांच्या ज्या चाळींत बसला, त्याही त्याच काळातल्या. परळ-वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या त्या सिमेंट-काँक्रीटच्या. चुन्याच्या घाणीचं काम तिथे संपत आलं होतं.

घाण्याशी या शहराचं सगळ्यात जुनं नातं मात्र मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटवर सापडतं. तिथे 'शआर हारहामिम' हे सिनेगॉग आहे, दयेचं द्वार असा त्याचा अर्थ. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं सिनेगॉग १७९६ साली बांधलं ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी. ते कंपनीच्या फौजेत अधिकारी होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. दिवेकर हे आडनावच सांगतं की घराणं दिव्याचं. बेने इस्रायल समाजातली आडनावं अशीच कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत: किहीमकर, पेणकर, रोहेकर. या समाजाची स्वतःबद्दलची कथा अशी की फार जुन्या काळी अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नौगावला त्यांचं स्मारक आहे. वाचलेल्यांचे वंशज कोकणातल्या गावांत पांगले आणि त्यांनी धंदा धरला तो तेलाचा.

गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. शनिवारी सब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. त्याच पट्ट्यात हिंदू तेली होते, ते शंकराचा वार म्हणून सोमवारी बैल सोडायचे. ते 'सोमवार तेली'. १८८३च्या कुलाबा जिल्हा गॅझेटिअरमध्येही शनिवार तेली हे नाव आलेलं आहे. मला यात गंमत वाटते ती अशी की गावाला त्यांचा धर्म कोणता, ग्रंथ कोणता, याच्याशी कर्तव्य नव्हतं. तेल कुठल्या दिवशी मिळणार नाही, एवढंच गावाच्या कामाचं होतं. दोन धर्मांमधला फरक गावाने घाणा कधी बंद असतो यावरून लक्षात ठेवला. शेकडो वर्षं तेवढ्यावर भागलं.

अठराव्या शतकापासून हे लोक मुंबईत येऊ लागले. फौजेत गेले, गोदीत गेले, सुतारकीत आणि कारकुनीत गेले. घाणा गावीच राहिला. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजासाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. किहीमकरांनीच समाजाचा इतिहास लिहिला. तो १८९७ मध्ये लिहून झाला होता, पण छापला गेला १९३७ साली, तेल अविवमध्ये. माझगावहून सात रस्त्याकडे आलं की मागेन हसीदीम आणि तिफेरेथ इस्रायल ही दोन सिनेगॉग्ज लागतात, गिरणगावाच्या अगदी उंबऱ्यावर. १९४८ नंतर समाजातली बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली. तिकडून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. मुंबईत मागे राहिलेल्यांच्या घरी मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, आणि एलियाहू हनाबीचं नाव. त्या मलिद्यातलं खोबरं आणि एकेकाळी घाण्यात पडणारं खोबरं एकाच किनाऱ्यावरचं.

तेली म्हटलं की देशावरच्या माणसाला आधी आठवतात ते संताजी जगनाडे. चाकणचे तेली, तुकोबांचे टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. त्यांच्या नावावरचे 'घाण्याचे अभंग' प्रसिद्ध आहेत. ज्या व्यवसायाला गावगाड्यात मान मिळत नव्हता, त्याची अवजारं त्यांनी थेट परमार्थाच्या भाषेत आणून बसवली. गावगाड्यात सकाळी तेली आडवा गेला की अपशकुन मानायचे, आणि देवापुढचा दिवा मात्र त्याच्याच तेलावर. कोकणातल्या सोमवार-शनिवारच्या समंजस व्यवस्थेचं कौतुक करताना हेही विसरायला नको.

घाण्याला आणखी एक नाव मराठीत आहे आणि ते दादरला शिवाजी पार्कावर फार ओळखीचं आहे: कोलू. मूळ हिंदी 'कोल्हू'. विनायक दामोदर सावरकरांना १९११च्या जुलैत अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये नेलं, आणि तिथे राजबंद्यांना जुंपलं जायचं ते कोलूला. बैलाच्या जागी माणूस, घाण्यात सुकं खोबरं, आणि दिवसाला ३० पौंड तेल, म्हणजे साधारण साडेतेरा किलो. तेवढं भरलं नाही तर शिक्षा. ज्यांनी बैलाचा घाणा पाहिलाय त्यांना या आकड्याची भीषणता लगेच कळते, कारण तेल निघण्याचा वेग बळावर असतो, मारझोडीवर नाही. 'माझी जन्मठेप'मधून हा शब्द मराठी घराघरांत गेला. शिवाजी पार्कच्या सावरकर सदनावरून आणि स्मारकावरून रोज चालणाऱ्या ज्येष्ठांना कोलू म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भाषेने इथे विचित्र वाटणी केली: यंत्र एकच, पण तुरुंगातलं ते कोलू आणि गावातला तो घाणा. कुणी 'सावरकरांनी घाणा ओढला' म्हणत नाही, आणि चकल्यांचा पहिला कोलू कुणी काढत नाही.

तमिळांकडेही अशीच आठवण आहे. घाण्याला ते 'चेक्कु' म्हणतात. स्वदेशी जहाज कंपनी काढणाऱ्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांना १९०८ साली शिक्षा झाली आणि कोइमतूरच्या तुरुंगात चेक्कुला जुंपलं गेलं. तो चेक्कु चेन्नईच्या गांधी मंडपाच्या आवारात जपून ठेवला आहे. दादरहून माटुंग्याला चालत गेलं की कुठल्याही तमिळ आजोबांना विचारावं. चेक्कु म्हटल्याबरोबर त्यांना आधी चिदंबरम आठवतात, तेल नंतर.

मुंबईतून घाण्याचं तेल गेलं ते मात्र कुठल्या सरकारी हुकमाने नाही. आधी वाफेच्या आणि विजेच्या तेलगिरण्या आल्या, मग एक्स्पेलर आले. त्यांत पेंडेत तेल कमी राहतं, म्हणजे तेवढ्याच बियांतून जास्त माल. लालबागच्या पूर्वेला, शिवडीला, १९३२ मध्ये हिंदुस्तान वनस्पती कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. शेंगदाण्याचं तेल घट्ट करून तुपाच्या जागी आणलेला हा माल गिरणगावच्या खोल्यांतून तळणात शिरला. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची, नाहीतर सामायिक नळावर नंबर लावायला तो पुढे सरकायचा. नंतर रेशनचं पामतेल आलं, नंतर पिशवीतलं रिफाइंड. घाण्याच्या तेलाला वास होता, रंग होता, तळाशी गाळ बसायचा. रिफाइंडला यातलं काहीच नाही, आणि नेमकी हीच त्याची जाहिरात झाली.

याच काळात वर्ध्याला उलटा प्रयत्न चालला होता. गांधीजींनी डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. तिथे झवेरभाई पटेलांनी जुन्या घाण्याचा कसून अभ्यास केला आणि बैलाला हलकी पडेल, पेंडेत तेल कमी राहील अशी सुधारलेली 'वर्धा घाणी' तयार केली. पुढे १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोग झाला, त्याचं मुख्यालय मुंबईतच, विलेपार्ल्याला. घाणी सुधारली, पण शिवडीच्या कारखान्याशी आणि पामतेलाच्या जहाजांशी तिला बरोबरी करता आली नाही. कुमारप्पांचा मुद्दा तेल स्वस्त करण्याचा नव्हताच. पेंड गावातल्या जनावराला, मजुरी गावातल्या तेल्याला आणि ताजं तेल गावातल्या माणसाला, असा त्यांचा हिशेब होता. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा हिशेब लिटरमागे किती, एवढाच. त्याला दोष कसा द्यायचा? महिन्याच्या पगारात तेलाची ओळ एकच असते.

गेल्या काही वर्षांत मात्र दादर-माहीमकडे दुकानांवर नवी पाटी दिसते: 'लाकडी घाण्याचे शुद्ध तेल'. आत खरोखर लाकडी उखळ आणि लाट आहे, खाली विजेची मोटर. काचेपलीकडे शेंगदाणे चिरडताना दिसतात. तेल फार तापत नाही म्हणून वास टिकतो, आणि तो वासच विकला जातो. साधारण अडीच किलो दाण्यांतून लिटरभर तेल निघतं, तेव्हा भाव रिफाइंडपेक्षा कितीतरी जास्त असणारच. काही पाट्यांवर झापडं लावलेला बैलही रंगवलेला असतो. मला तो बैल खटकतो. मोटर आहे हे लाजण्यासारखं काय आहे? ज्या जनावराला आयुष्यभर गोल फिरवायचं त्याची सुटका झाली, हे पाटीवर लिहिलं तर मी दोन पैसे जास्त देईन.

हे तेल घेणारं गिऱ्हाईक त्यात फोडणी करतं, कोशिंबिरीवर घालतं, थालीपीठाला लावतं. चकल्या तळायला तेच माणूस रिफाइंडची पिशवी फोडतं. एवढं महाग तेल कढईभर ओतायचं आणि दोन तळणांनंतर टाकून द्यायचं, हे परवडत नाही. शिवाय गाळ राहिलेलं कच्चं तेल तापलं की फेस धरतं. म्हणजे दिवाळीचा घाणा काही घाण्याच्या तेलात निघत नाही. चिवडा गल्लीतही नाही, घरीही नाही.

यातल्या काही दुकानांत आपले दाणे आपण नेऊन तेल काढून घेता येतं. गावी शेती असलेल्यांना याचं अप्रूप. दादरच्या अशा एका दुकानात एक बाई साताऱ्याकडून आलेल्या घरच्या शेंगांचे दाणे घेऊन आल्या होत्या, कापडी पिशवीत, चार-पाच किलो असतील. दुकानदार तरुण होता, लातूरकडच्या बोलीत बोलणारा. त्याने पिशवी हाताने तोलली आणि मान हलवली.

"काकू, एवढ्यात घाणा भरत न्हाई. लाट नुसती फिरल. धा किलो तरी पायजे."

"अरे, मग तुझे पाच घाल त्यात."

"माझे घातले तर तेल तुमचं कुठलं आन् माझं कुठलं? आन् मग तुम्हीच म्हणाल, घरच्या शेंगांची चव न्हाई राहिली."

काकूंनी फोन काढला आणि इमारतीतल्या कुणाला तरी लावला. "अगं, तुझ्या भावाने पाठवलेले दाणे आहेत ना अजून? किती आहेत? ... नको, चटणी पुढच्या आठवड्यात कर. आत्ता खाली पाठव कुणाच्या तरी हाती. हो, आत्ताच. पेंड मात्र मी नेणार, माझ्या कुंड्यांना हवी आहे."

पेंडेवरून त्या दोघींचं फोनवर बराच वेळ चाललं. अर्धी-अर्धी ठरल्यावर दुकानदाराने काकूंना स्टूल दिलं आणि मोटरचं बटण दाबायला न जाता दुसऱ्या गिऱ्हाइकाची बाटली भरायला घेतली.